भिंतीबाहेरचं ताट

पहाटे ४.३०

जानेवारीतला शुक्रवार. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट, की समोरच्या क्वार्टरचा दिवाही दिसत नाही. तव्यावर थालीपीठ आहे. भाजणी साताऱ्याहून सासूबाई पाठवतात. नवरा हवाई दलात सार्जंट आहे, एअरफ्रेम फिटर. विमानाच्या सांगाड्याची तपासणी आणि दुरुस्ती हे त्याचं काम.

"अहो, एवढ्या धुक्यात काय उडणार आहे?"

"धुकं उठलं की लगेच निघावं लागतं. तेव्हा विमान तयार नको का?"

हिवाळ्यात लडाखच्या वाटेवरचा झोजिला घाट बर्फाने बंद झाला की लडाखच्या जवानांचा शिधा, औषधं, सुटे भाग पोचवण्याचा मोठा भार चंदीगडच्या धावपट्टीवर येतो. लेहचा तळ समुद्रसपाटीपासून ३,२०० मीटरांहून उंच आहे. दुपारी तिथे वारे सुटतात, आणि ऊन तापलं की आधीच विरळ असलेली हवा आणखी विरळ होते. त्यामुळे फेऱ्या शक्यतो सकाळीच उरकाव्या लागतात, आणि आमच्या घरातला पहिला चहा साडेचारला होतो.

या वाटेची गोष्ट इथल्या घराघरात ठाऊक आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये एएन-१२ विमानांनी इथूनच एएमएक्स-१३ रणगाडे उचलून लडाखमध्ये चुशूलला उतरवले. आणि ७ फेब्रुवारी १९६८ ला लेहकडे निघालेलं एक एएन-१२ हवामान बिघडल्याने माघारी वळलं ते रोहतांगच्या बाजूला नाहीसं झालं. त्यात १०२ जण होते. त्यांच्यातल्या काहींचे देह बर्फातून थेट २०२४ साली हाती लागले. इंजिनाचा आवाज इतरांना त्रासाचा वाटतो. आम्हाला तो परत आल्याची खूण म्हणून हवा असतो.

सकाळी ७.००

मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. केंद्रीय विद्यालयाची बस कोपऱ्यावर येते. मुलांच्या तोंडात तीन भाषा आहेत: घरात मराठी, वर्गात हिंदी, बसमध्ये पंजाबी. मुलगा मफलर शोधतो आणि मुलगी त्याला पंजाबीत दटावते. जोधपूर, तांबरम आणि आता चंदीगड असा तिचा शाळेचा प्रवास आहे. "आई, आज संध्याकाळी नक्की ना?" एवढं विचारून ती बसमध्ये चढते. आज आम्ही बाहेर जेवायला जाणार आहोत.

सकाळी ८.३०

स्कूटर गार्डरूमपाशी थांबते, ओळखपत्र दाखवून मी बाहेर पडते. मागे राहतं ते एक पुरतं गाव. कँटीन आहे, एमआय रूम म्हणजे दवाखाना आहे, मंदिर आणि गुरुद्वारा आहे, भाजीवाला आत येतो, न्हावी आत बसतो. कँटीनमध्ये साबणापासून शीतकपाटापर्यंत सगळं मिळतं. जोधपूरला मिळत होतं तेच इथेही, त्याच फळ्यांवर. तीन-चार वर्षांचं पोस्टिंग या भिंतीच्या आत सहज निघून जातं. नंतर कुणी विचारलं, "चंदीगड कसं आहे?" तर सांगायला उरतात सुखना तलाव, रॉक गार्डन आणि थंडी.

मला हे मान्य नाही. ज्या गावाने आपल्याला तीन वर्षं पाणी पाजलं, त्याच्या ताटावर एकदा तरी बसायला हवं. सैन्यातल्या कुटुंबाला शेजार निवडता येत नाही, घर निवडता येत नाही, किती दिवस राहायचं तेही नाही. पण जेवायला कुठे बसायचं हे निवडता येतं, आणि गावाशी नातं जोडायची तीच एक वाट आपल्या हातात असते.

सकाळी ९.००

मी कामाला जाते ती नॉलेज सिटी मोहालीच्या सेक्टर ८१ मध्ये आहे. कागदोपत्री ही जागा पंजाबात, साहिबजादा अजितसिंग नगरात. बोलताना मात्र सगळेच तिला चंदीगडमध्ये धरतात, कारण चंदीगड, मोहाली आणि पंचकुला एकमेकांना इतकी खेटून आहेत, की हद्द फक्त पाट्यांवर कळते. २००७ साली स्थापन झालेली आयसर मोहाली ही विज्ञानसंस्था इथे आहे. पुण्याची आयसर तिच्याहून एका वर्षाने मोठी. शेजारी नाबी ही कृषी-अन्न जैवतंत्रज्ञानाची संस्था, नॅनो विज्ञानाची आयएनएसटी आणि २०१२ मध्ये सुरू झालेला आयएसबी या व्यवस्थापन संस्थेचा परिसर आहे.

इथल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात मी कंत्राटावर काम करते. फौजेतल्या बायकांच्या वाट्याला बहुधा अशाच नोकऱ्या येतात. अनुभवाचा दाखला जमत जातो, ज्येष्ठता जमत नाही. तरी मी नोकरी सोडत नाही, कारण ही भिंतीबाहेरची माझी स्वतःची जागा आहे.

सकाळी ११.००

प्रबंध सादर करण्याचे दिवस आहेत. मजकुराची साम्यतपासणी, संदर्भांची जुळणी, परत आलेल्या पुस्तकांची नोंद असा ढीग समोर असतो. साडेअकराच्या सुमाराला बाहेर ऊन पडतं आणि पाठोपाठ डोक्यावरून जड आवाज सरकतो. धुकं उठलं. मी एक क्षण कान देते आणि पुन्हा नोंदींकडे वळते.

तेवढ्यात कोल्हापूरची एक विद्यार्थिनी येते. तिला ओकिनावातल्या ओआयएसटी या विद्यापीठात इंटर्नशिपसाठी अर्ज करायचा आहे.

"ताई, ते बेट कसं असेल हो? तिथे म्हणे सगळीकडे अमेरिकेचे लष्करी तळ आहेत."

फौजेचं नाव निघाल्यावर मी वाचल्याशिवाय राहत नाही.

दुपारी १.१५

जेवणाच्या सुट्टीत ती विद्यार्थिनी आणि मी उन्हात बसतो. माझ्या डब्यात मेथीची भाजी आणि पोळी आहे. तिच्या मैत्रिणीने आणलेली पोळी करड्या-जांभळ्या रंगाची आहे. नाबीने भारतीय वाणांशी संकर करून काळा, जांभळा आणि निळा गहू तयार केला, त्याचं हे पीठ. हा रंग अँथोसायनिनचा. जांभळाला रंग देणारं द्रव्यही तेच. चवीला पोळी नेहमीसारखीच लागते, किंचित भरड.

तुकडा मोडता मोडता ओकिनावाबद्दल बोलणं होतं. १९४५ च्या भीषण लढाईनंतर बेट अमेरिकेच्या ताब्यात गेलं आणि १९७२ मध्ये जपानकडे परत आलं, पण तळ राहिले. जपानच्या एकूण भूमीत ओकिनावाचा वाटा एक टक्काही नाही, आणि अमेरिकी फौजेच्या खास वापरातल्या जागेपैकी सुमारे ७० टक्के तिथे आहे. जमीन गेली, विमानांचा आवाज आला, गुन्हे घडले. स्थानिकांचा राग खरा आहे आणि तो अजून धगधगतो. आम्ही आपल्याच देशात, आपल्याच लोकांत राहतो. ही तुलना ओढूनताणून करता येणार नाही.

पण कुटुंबांचं जगणं ओळखीचं वाटतं. तळाच्या आत अमेरिकी शाळा, अमेरिकी दुकानं, घरच्यासारखं खाणं. बाहेर पाऊल टाकलं नाही तरी वर्षं निघतात. आणि ज्यांनी पाऊल टाकलं, त्यांना गोया चांपुरू मिळालं, म्हणजे कारलं, टोफू आणि अंडं एकत्र परतलेली भाजी. १९८४ मध्ये किन गावात, कॅम्प हॅन्सन या तळाच्या दाराशी, एका उपाहारगृहाने टॅकोमधलं खिम्याचं सारण गरम भातावर वाढलं. सैनिकांना स्वस्तात पोटभर मिळावं एवढाच हेतू होता. आज तो टॅको राईस साऱ्या बेटाचा पदार्थ आहे.

कोल्हापूरची पोर म्हणते, "म्हणजे गेले तर मेसमध्ये बसून राहायचं नाही." मी म्हणते, "इथेही बसू नकोस. या परिसरालाही भिंत आहेच की."

संध्याकाळी ५.४५

घरी येते तेव्हा नवरा झोपून उठलेला असतो. विमान गेलं आणि आलं. तो एवढंच सांगतो, आणि तेवढं पुरतं.

शेजारच्या क्वार्टरचं दार वाजवते. बीडची मुलगी, लग्नाला वर्ष होत आलंय, डिसेंबरात इथे आली. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच सेक्शनला कॉर्पोरल. आल्यापासून ती कँटीन आणि एमआय रूम सोडून कुठे गेलेली नाही.

"ताई, मला पंजाबी येत नाही. आणि हॉटेलचं फार महाग पडेल."

"अगं, हॉटेल कसलं, ढाबा आहे. आणि भाषा कुलच्याला लागत नाही. चल, दोघंही तयार व्हा."

संध्याकाळी ७.३०

चंदीगडमध्ये खाण्याचे पुष्कळ थर आहेत. सेक्टर १७ च्या चौकातलं इंडियन कॉफी हाउस, सेक्टर ३५ मधली हॉटेलांची रांग, सेक्टर २६ मधली महागडी रेस्तराँ. आम्ही जातो तो मोहालीच्या बाजारातला लहानसा ढाबा. सहा टेबलं, दाराशी तंदूर. तंदूरपाशी मुलगा, गल्ल्यावर वडील आणि आतल्या खाटेवर शालीत गुंडाळलेल्या आजी, ज्यांना सगळे बीजी म्हणतात.

बीडची मुलगी थंडीचं निमित्त करून तंदूरपाशी उभी राहते, आणि मग बघतच राहते. कुलच्यासाठी मैद्याच्या पापुद्र्यांचा गोळा, आत कुस्करलेला बटाटा, कांदा, अनारदाणा, भरडलेले धणे. मुलगा तो हातावर थापतो, वरून धणे आणि कोथिंबीर दाबतो, मागच्या बाजूला पाण्याचा हात फिरवतो आणि कोपरापर्यंत हात आत घालून तंदूरच्या भिंतीला चिकटवतो. पाण्यामुळे तो भिंतीला धरून राहतो. भाजला की दोन लोखंडी सळ्यांनी, एकीने सोडवत आणि दुसरीने झेलत, बाहेर येतो. मग लोणी सोडून तो दोन्ही तळव्यांत असा चुरडतात, की पापुद्रे उलगडून लोणी आतपर्यंत मुरतं. सोबत छोले आणि चिंचेच्या पाण्यातला कांदा.

वडील विचारतात, "महाराष्ट्र तों हो?" हो म्हणताच पुढचं वाक्य ठरलेलं: "हजूर साहिब!"

पंजाबात मराठी माणसाची पहिली ओळख मुंबईची नसते, नांदेडची असते. गुरु गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये तिथे देह ठेवला, आणि हजूर साहिब हा गुरुद्वारा तिथेच आहे. अंबाल्याहून सचखंड एक्स्प्रेस पकडून बीजी नांदेडला जाऊन आल्यात. गाडीत लंगरवाल्यांनी डब्याडब्यात येऊन कशी दाल-रोटी वाढली ते त्या सांगतात. आणि "तुमचे भगत नामदेवजी" म्हणताना हात जोडतात. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यांचा दीर्घ काळ जिथे गेला, त्या गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला २०१५ मध्ये अठ्ठ्याऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. हे सगळं मला पुस्तकांतून माहीत होतं. पण "तुमचे" हा शब्द मला प्रथम या ढाब्यात ऐकायला मिळाला.

रात्री ८.१५

सरसोंचं साग येतं, मक्याची रोटी येते, वर पांढरं लोणी आणि बाजूला गुळाचा खडा. बीडच्या मुलीला भाकरीची सवय, त्यामुळे मक्याची रोटी तिच्या हातात लगेच बसते. ती मोडक्या हिंदीत बीजींना विचारते, साग इतकं मऊ कसं होतं?

बीजी तिला खाटेवर बसवून घेतात. मोहरीच्या पाल्यात थोडा पालक, थोडा बथुआ. देठं सोलून घ्यायची. मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचं आणि घोटत राहायचं. शेवटी मक्याचं पीठ लावायचं, म्हणजे पाणी सुटत नाही.

"बथुआ म्हणजे आपला चाकवत ना, ताई?"

त्याच कुळातला, मी सांगते. मग तिची कळी खुलते. ती बीजींना सांगू लागते, की तिच्याकडे चाकवताची ताकातली पातळ भाजी करतात, डाळ-दाणे घालून, वरून लसणाची फोडणी. बीजी नातसुनेला हाक मारतात: "सुण, ए की कैंदी ए!" आता शिकवणारी बीडची मुलगी आहे. मघाशी जिला भाषेची भीती वाटत होती, ती फोडणीचा आवाज तोंडाने करून दाखवते. माझी मुलगी दोघींमध्ये दुभाषी होते आणि खाणं विसरते.

ज्यासाठी मी दार वाजवते, ते हेच. बदलीच्या गावी आपण नुसते पाहुणे असलो, तर गाव आपल्याला वाढतं आणि विसरतं. आपणही काही देऊ लागलो की ओळख पक्की होते. भिंतीच्या आत याला जागा नसते, कारण तिथे सगळेच दुसरीकडून आलेले असतात.

रात्री ९.३०

बिल दोन्ही नवऱ्यांनी वाटून घेतलं. महाग वाटलं नाही. बीजींनी माझ्या मुलाच्या खिशात गुळाचे दोन खडे कोंबले.

परतताना बीडची मुलगी विचारते, की मार्चमध्ये सासूबाई येणार आहेत, त्यांना इथे आणलं तर चालेल का. चालेल काय, आणायलाच हवं. पुढच्या वर्षी आमची मूव्हमेंट ऑर्डर निघेल, काळ्या ट्रंकांवर नवा पत्ता रंगवला जाईल. कुठलं गाव वाट्याला येईल ते माहीत नाही. या ढाब्यावर मराठी माणसांचं येणं-जाणं मात्र थांबणार नाही, कारण नव्याने येणाऱ्यांचं दार वाजवायला आता ती आहे.