कंबरदुखी हटेना तेव्हा

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची कंबर ओझ्याने वा वयाने दुखते, आणि विश्रांतीने उतार पडतो. न हटणारी कंबरदुखी पाहिली की मला १८४५ सालचा लंडनचा एक व्यापारी आठवतो. छाती, पाठ, कंबर अशी त्याची वेदना फिरत होती. उपचार म्हणून बिचाऱ्याचे रक्त काढले, जळवा लावल्या. अशक्तपणा मात्र वाढला. डॉ. मॅकिंटायर यांना त्याच्या लघवीत चमत्कारिक साका आढळला. तापवला की विरघळे, गार होताच पुन्हा धरे. तपासायला तो हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे गेला. त्या प्रथिनाला आज त्यांचेच नाव आहे. १ जानेवारी १८४६ रोजी रुग्ण दगावला. बरगड्या मऊ, ठिसूळ निघाल्या.

हाच मायलोमा, हाडांच्या मगजातील रक्तपेशींचा कर्करोग. विरळा, बहुधा साठीच्या पुढचा.

वाचकहो, उतारवयात महिनाभर कंबर-बरगड्या दुखत असतील, सोबत थकवा व फिकेपणा असेल, तर दुकानातल्या वेदनाशामक गोळ्यांवर दिवस ढकलू नका. या रोगात मूत्रपिंडे आधीच धोक्यात असतात, त्यात या गोळ्यांची भर! हिमोग्लोबिन, ई.एस.आर., क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि दुखऱ्या हाडाचा एक्स-रे करून घ्या. शंका आल्यास आपल्या बार्शीतच नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आहे. रोग समूळ जात नसला तरी औषधांनी वेदना आटोक्यात येतात, वर्षे वाढतात. लघवीच्या साध्या पट्टीत मात्र हे प्रथिन सहसा दिसत नाही. त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते.