विकास-घनता आणि रस्ते व सिग्नल देखभालीचा खर्च : पुण्याच्या हद्दवाढीच्या संदर्भात

प्रस्तावना :
७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) राज्यघटनेत समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत रस्ते, पूल व पथदिवे यांचा अंतर्भाव नागरी संस्थांच्या कार्यांत केला आहे. रस्ता बांधण्यासाठी अनुदान वा कर्ज मिळू शकते. देखभालीचा भार मात्र मुख्यतः स्थानिक महसुलावर पडतो. म्हणूनच शहर दाट वाढते की विरळ पसरते, हा प्रश्न नगररचनेइतकाच अर्थसंकल्पाचाही आहे.

खर्चाची दोन मापे :
दाट वस्तीत प्रतिकिलोमीटर खर्च अधिक येतो. जलवाहिन्या व केबल यांसाठी वारंवार खोदाई होते, बुजविलेल्या चरांतून पावसाचे पाणी मुरते आणि वर्दळीमुळे दुरुस्ती रात्री करावी लागते. तथापि दरडोई खर्चाचे चित्र निराळे असते. उदाहरणादाखल, एका किलोमीटर रस्त्यावर एके ठिकाणी १,००० व दुसरीकडे ४,००० लोक अवलंबून आहेत असे मानू. दाट भागातील खर्च दुप्पट धरला, तरी दरडोई भार निम्माच राहतो.

झिजेची कारणे :
अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचणीतून असे दिसून आले की, रस्त्याची हानी वाहनाच्या आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाल्यास हानी सुमारे १६ पट होते. म्हणजेच दुचाकी व मोटारींच्या गर्दीपेक्षा मालमोटारी, बस आणि बांधकाम साहित्याची वाहने रस्ता अधिक झिजवतात. ऊन व पाऊस तर वर्दळ नसलेल्या रस्त्यालाही सोडत नाहीत.

सिग्नलचे गणित :
खांब, केबल, नियंत्रक यंत्र, दिवे व वीज यांचा खर्च प्रामुख्याने चौकागणिक येतो. चौकातून जाणाऱ्या वाहनांच्या संख्येवर तो फारसा अवलंबून नसतो. दाट भागात सिग्नल अधिक लागतात, परंतु प्रत्येकाचा खर्च अधिक लोकांत विभागला जातो.

पुण्याचा अनुभव :
पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. २०२१ च्या हद्दवाढीनंतर क्षेत्रफळात पुणे बृहन्मुंबईपेक्षाही मोठे ठरले. पुढे २०२४ मध्ये फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. हद्द एका अधिसूचनेने वाढते. रस्त्यांची जबाबदारी मात्र दरवर्षी पेलावी लागते. जेथे वस्ती विखुरलेली आहे, तेथे मिळकतकराचा पाया तोकडा आणि रस्त्यांची लांबी मोठी असते. सुविधांपूर्वी कर नको, ही रहिवाशांची भूमिका आणि कराविना सुविधा कशा, ही प्रशासनाची अडचण यांचे मूळ या विषमतेत आहे.

निष्कर्ष :
घनता प्रतिकिलोमीटर खर्च वाढविते, पण दरडोई भार घटविते. केवळ पहिले माप पाहिल्यास दाट वस्ती खर्चिक भासते व विरळ विस्तार स्वस्त वाटतो. प्रभागनिहाय दोन्ही मापांचा हिशेब ठेवणे, खोदाईचे समन्वित नियोजन करणे आणि हद्दवाढीपूर्वीच आगामी देखभाल खर्चाचा अंदाज मांडणे आवश्यक आहे.