तलावाचा काठ कोणाचा?

सिमरोलहून खंडवा रस्त्याने इंदूरला जाताना बिलावलीचा तलाव लागतो. शहराला पाणी मिळावे म्हणून होळकर राजवटीत जे तलाव झाले, त्यांपैकी बिलावली आणि सिरपूर हे होत. सिरपूर व यशवंतसागर यांची २०२२ साली रामसर यादीत नोंद झाली.

शहर वाढले म्हणजे पाण्याइतकीच काठाचीही किंमत वाढते. मग काठावर होड्यांचा क्लब निघतो, कुंपण येते, फाटकावर पहारेकरी बसतो. आपल्या देशात असे क्लब जुनेच आहेत. पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा, तर नैनितालचा बोट हाउस क्लब १८९० चा. वल्हवणे हा उत्तम व्यायाम आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. प्रश्न एवढाच, की सर्वांच्या तलावाचा काठ मूठभर सभासदांच्या स्वाधीन करता येतो काय?

याचे उत्तर न्यासाच्या सभासदांना चटकन पटेल. विश्वस्त हा मिळकतीचा मालक नसतो. आपल्या राज्यात १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याप्रमाणे निबंधकाच्या परवानगीवाचून न्यासाची स्थावर मिळकत विकता येत नाही. तलाव, नद्या व त्यांचे काठ यांच्या बाबतीत सरकारची जागा नेमकी हीच आहे.

१८६९ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्याने शिकागो शहरापुढील मिशिगन सरोवराच्या तळाची मोठी पट्टी एका रेल्वे कंपनीस देऊन टाकली. पुढे राज्याने ते दान मागे घेतले, आणि १८९२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते मागे घेणे योग्य ठरवले. जनतेसाठी सांभाळलेली वस्तू अशी देऊन टाकता येत नाही, हे त्यातील तत्त्व. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये तेच तत्त्व स्वीकारले आणि बियास नदीकाठची एका खासगी हॉटेलास दिलेली जमीन परत घेतली.

परंतु न्यासाला दुसरीही बाजू असते. लाभार्थ्यांनाही मूळ निधी खाऊन टाकता येत नाही. मुंबईच्या पवई तलावाकाठी महापालिकेने सर्वांसाठी सायकलमार्ग बांधावयास घेतला होता. २०२२ साली उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून बांधकाम काढावयास सांगितले. भोपाळच्या मोठ्या तलावात यंत्राच्या नौकांना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२३ साली मनाई केली. काठ सर्वांचा, म्हणून तो सिमेंटने भरावा किंवा पाण्यात तेल सांडावे, असा अर्थ होत नाही. वल्ह्याची होडी त्या मानाने निरुपद्रवी.

तेव्हा क्लब नकोत असे नव्हे, अटी हव्यात. परवाना ठरावीक मुदतीचा असावा, कायमचा नव्हे. होड्या ठेवण्यापुरतीच जागा द्यावी. पाळीवरील पायवाट सर्वांना मोकळी राहावी. पक्के बांधकाम पाण्यापासून दूर असावे. आणि वर्षातील काही दिवस शाळांच्या मुलामुलींना पोहणे व वल्हवणे शिकवले जावे. आमच्या वर्गांतील कितीतरी मुले रोज तलावाजवळून जातात. होडीत मात्र एकदाही बसलेली नाहीत.

आपल्या न्यासाचा हिशेब आपण दरवर्षी सभेत विचारतो. तलावांचाही हिशेब असाच विचारावा. काठाची जागा कोणास दिली, किती वर्षांसाठी दिली आणि कोणत्या अटींवर, हे माहितीच्या अधिकाराखाली साध्या अर्जाने विचारता येते. कुंपण पडल्यावर भांडण्यापेक्षा परवाना देण्यापूर्वी विचारणे केव्हाही सोपे.