काळ्या मातीतले घरकुल आणि फोटोत न दिसणारा पाया

वसमत तालुक्यातील हट्टा घ्या किंवा मराठवाड्यातील काळ्या रानातले दुसरे कोणतेही गाव घ्या. वस्तीत घरकुल मंजूर झाले की चर्चा होते ती यादीत नाव कोणाचे आले आणि हप्ता कधी पडणार याची. घर ज्या मातीवर उभे राहणार, तिची चर्चा पंचायत समितीत होत नाही आणि आपल्या वस्तीतही होत नाही. चार-पाच पावसाळ्यांनंतर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर चढते, तेव्हा सारा दोष गवंड्याच्या माथी मारला जातो. गवंडी चुकतो, नाही असे नाही. परंतु अनेकदा दोष पायाखालच्या मातीचा आणि पाया भरण्याच्या वेळेचा असतो. ही वेळ लाभार्थी ठरवीत नाही, हप्ता ठरवतो. खरा प्रश्न येथे आहे.

आपल्याकडे जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग जुन्या काळापासून मानले जातात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गाव वसलेली जागा. गावाने पांढरी स्वतःसाठी ठेवली आणि आपल्या पूर्वजांना वेशीबाहेर, बहुधा पाणी साचणाऱ्या सखल जागेवर बसवले. आज घरकुलासाठी जागा मिळते तीही अनेक ठिकाणी गायरानात नाहीतर काळ्या रानाच्या कडेला. म्हणून मातीचा प्रश्न हा केवळ अभियंत्याचा प्रश्न नाही, तो सामाजिक प्रश्न आहे.

काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आक्रसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणाने. घराभोवतीची माती पावसात आधी भिजते आणि मधली मागे राहते. त्यामुळे बाहेरच्या भिंती वर उचलल्या जातात, उन्हाळ्यात त्याच खाली बसतात. वसमत परिसरात येलदरी-सिद्धेश्वरच्या पूर्णा प्रकल्पाचे कालवे आहेत. कालव्याशेजारच्या जमिनीत ओलावा पावसाळ्यानंतरही टिकतो. भरावाच्या पांढऱ्या मातीची गत वेगळी. ती फुगत नाही, पण वजन पडले की दबते. एकाच गावात दोन प्रकारची जमीन असताना सर्वांना एकच पाया कसा चालेल?

सरकारी हिशेबात मात्र तो चालतो. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ मध्ये सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ प्रदेशासाठी १ लाख ३० हजार रुपये ठरले. घर किमान २५ चौरस मीटरचे. डोंगरावर बांधकामाला खर्च जास्त येतो हे सरकारने मान्य केले, ते योग्यच. मग काळ्या मातीत पाया दुप्पट खोल न्यावा लागतो हे का मान्य करीत नाही? अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या रमाई आवास योजनेतील लाभार्थ्याचीही हीच अडचण आहे. पैसे टप्प्याटप्प्याने, बांधकामाचे फोटो पाहून मिळतात. जोत्याचा फोटो गेल्याशिवाय पुढची रक्कम नाही. जोता फोटोत दिसतो, त्याखाली किती फूट खोदले ते दिसत नाही. मग उसनवारीवर पाया भरणारा माणूस खड्डा लवकर बुजवणार नाही तर काय करणार? त्यात मंजुरी मृगाच्या तोंडावर आली की भर पावसात काँक्रीट टाकणे आलेच.

अशा वेळी काय करावे? प्रथम, मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत खोदावे. तो फार खोल असेल तर खड्ड्यातली काळी माती काढून चिकणसर मुरूम अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांनी, धुम्मस करून भरावा. नुसती वाळू किंवा खडी भरली तर खड्डा विहिरीसारखा पाणी साठवतो. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकण मुरमाचा सुमारे मीटरभर थर काळ्या मातीला आवरतो, हे संशोधनाने दाखवून दिले. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर केलेल्या खोल खांबांची पद्धत विकसित केली. ज्ञान देशातच आहे, ते वस्तीपर्यंत आलेले नाही. आणखी एक: ओल्या काळ्या मातीची उभी कड अचानक ढासळते. खोल चरात आधार न लावता कोणालाही उतरवू नये. चरात उतरणारा मजूर बहुधा आपलाच भाऊ असतो.

दुसरे, खड्ड्यात पाणी असताना काँक्रीट टाकू नये. एका कोपऱ्यात लहान खळगा करून पाणी उपसावे, तळाचा चिखल खरडून काढावा, त्यावर पीसीसीचा थर द्यावा आणि मगच सळईची जाळी ठेवावी. जाळीखाली ५० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक हवेत. जाळी चिखलाला टेकली की ती गंजणार. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला साधारण २५ लिटर पाणी पुरते. पावसात वाळू स्वतःच पाणी घेऊन येते, तेवढे वरचे पाणी कमी करावे. माल पातळ केला की काम सोपे होते आणि ताकद जाते. ताडपत्री आधी बांधावी, माल नंतर कालवावा. काँक्रीट घट्ट होण्यापूर्वी पडलेला पाऊस सिमेंट धुऊन नेतो. घट्ट झाल्यानंतरचा पाऊस मात्र पाणी मारण्याचेच काम करतो. पावसाने उघडीप दिली तर किमान सात ते दहा दिवस पाणी मारावे.

हे सारे बारकाईने सांगण्याचे कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मराठवाड्याने हजारो माणसे गमावली. त्यांचा जीव दगडमातीच्या घरांनी घेतला. हिंगोली-नांदेड परिसराला २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. वसमत तालुक्यातीलच पांगरा शिंदे भागात जमिनीतून आवाज येण्याच्या तक्रारी अनेक वर्षांच्या आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरच्या आरंभी परभणी, हिंगोली, नांदेडमध्ये अतिवृष्टी झाली. ज्या मातीत पाणी आणि कंप दोन्ही आहेत, तिथे कच्चा पाया म्हणजे उद्याच्या पंचनाम्याची आजच केलेली तयारी आहे.

म्हणून ग्रामसभेत आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. काळ्या मातीतील घरकुलास डोंगराळ भागाप्रमाणे पायासाठी वाढीव रक्कम मिळावी. पायाचा हप्ता उन्हाळ्यातच, खोदाईपूर्वी द्यावा. अभियंत्याने खड्डा बुजवण्यापूर्वी येऊन खोली मोजावी आणि उघड्या खड्ड्याचाही फोटो नोंदीत घ्यावा. सुशिक्षित तरुणांनी आणि वस्तीतल्या गवंड्यांनी मिळून प्रत्येक नव्या घरकुलाचा खड्डा पाहण्याची जबाबदारी घ्यावी.

घरकुल ही कोणी केलेली मेहेरबानी नाही, तो हक्क आहे. हक्काचे घर दहा पावसाळे टिकून उपयोगाचे नाही, ते नातवंडांपर्यंत टिकले पाहिजे. त्यासाठी आपण आता यादीतल्या नावाइतकेच लक्ष खड्ड्याच्या खोलीकडे दिले पाहिजे.