आद्याक्षरांची रुजवात

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते धुळ्यास एकमेकांस छेदतात. त्यामुळे तेथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील केसपेपरांवर ‘आरटीए’ ही तीन अक्षरे किती वेळा उमटत असतील, याची कल्पना कोणासही करता येईल. शल्यविभागात त्यांचा अर्थ रस्त्यावरचा अपघात. परंतु तीच अक्षरे मूत्रपिंडाचे विकार पाहणाऱ्या तज्ज्ञापुढे आली, तर मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या दोषामुळे रक्तात आम्ल साचू लागते, अशा एका व्याधीचे ती नाव होऊन बसतात. अपघाताच्या कागदावर बहुधा ‘एमएलसी’ असाही शेरा असतो. वर्तमानपत्र वाचणारा आपला माणूस त्याचा अर्थ विधान परिषदेचे सन्माननीय सदस्य असा करील, आणि इस्पितळात मात्र तो पोलिसांस वर्दी देणे भाग असलेले प्रकरण एवढाच होतो.

ही अक्षरे जन्मास येतात ती घाईपोटी. बाह्यरुग्ण विभागातील रांगेतून पुढे सरकलेली म्हातारी अहिराणीत ‘पोट दुखस’ म्हणून आपली कैफियत मांडते आणि डॉक्टर तिची सारी हकीकत ‘सी-ओ’, म्हणजे तक्रार, ह्या दोन अक्षरांपुढे दीड ओळीत बसवितो. त्या कागदाचा वाचक त्याच वॉर्डातील परिचारिका किंवा रात्रपाळीचा सहकारी असेतोवर ह्यात गैर काहीच नव्हते. पण कागद आता प्रवास करू लागला आहे. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम लागू झाली, त्यांत धुळे होते. पुढे ती राज्यभर गेली आणि 2017 साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. योजना आल्यापासून शस्त्रक्रियेचा कागद तिच्या आरोग्यमित्राच्या टेबलावरून मंजुरी देणाऱ्या, रुग्णास कधीही न पाहिलेल्या डॉक्टरांपर्यंत जातो, आणि जो संक्षेप चार सहकाऱ्यांपुरता होता, त्याचा अर्थ परक्यास लावावा लागतो.

संक्षेप ही काही डॉक्टरांची मिरासदारी नव्हे. ‘सा. न. वि. वि.’ ह्या आपल्या पत्रारंभी एकापुढे एक आलेल्या दोन ‘वि.’पैकी पहिला विनंतीचा आणि दुसरा विशेषचा, हे आपणांस कोणी सांगावे लागत नाही. 1927 साली धुळ्यास स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी दप्तर चाळणारा अभ्यासक ‘छ’ पाहताच चंद्र आणि ‘मौ’ पाहताच मौजे वाचतो, तो कोशाच्या बळावर नव्हे. पुढे महिन्याचे नाव आहे की गावाचे, हे पाहून. वैद्यकीय अहवालाच्या भाषांतरकारालाही ह्याहून निराळी किल्ली उपलब्ध नाही, आणि मूळ कागद परभाषेतला असला की तिच्यावाचून गत्यंतर उरत नाही.

समजा, चोपड्याचे एक वयोवृद्ध गृहस्थ फ्रान्समध्ये लिऑं शहरी नोकरीस असलेल्या मुलाकडे गेले, तेथे रस्ता ओलांडताना मोटारीचा धक्का लागून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, आणि कृत्रिम सांधा बसवून ते मायदेशी परतले. पुढील उपचार करणाऱ्या जळगावच्या अस्थिशल्यज्ञास आणि प्रवासविम्याच्या कंपनीस शस्त्रक्रियेचा अहवाल इंग्रजीतून हवा असतो. अहवाल असतो फ्रेंच, आणि त्यातील प्रत्येक ओळीत आद्याक्षरे. ‘एव्हीपी’ म्हणजे सार्वजनिक रस्त्यावरील अपघात. आपल्या ‘आरटीए’चा तो फ्रेंच भाऊबंद. ‘एजी’ म्हणजे संपूर्ण भूल. ‘टीडीएम’ म्हणजे आपण ज्यास सीटी स्कॅन म्हणतो ते. ‘जे’ ह्या अक्षरापुढे तीनचा आकडा असला, तर तो शस्त्रक्रियेनंतरचा तिसरा दिवस. ‘पीटीएच’ म्हणजे खुब्याचा संपूर्ण कृत्रिम सांधा; परंतु इंग्रजी प्रयोगशाळेच्या कागदावर हीच तीन अक्षरे गळ्यातील परावटू ग्रंथींच्या संप्रेरकाची असतात, सबब ती जशीच्या तशी उचलून इंग्रजीत ठेवली, तर हाडांच्या डॉक्टरास तो रक्ततपासणीचा निष्कर्ष वाटावा. उलटपक्षी ‘रेदों’ हा शब्द आला, तर त्यात अक्षरे फोडीत बसण्याचे कारण नाही. जखमेतील रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीस दिलेले ते एका व्यक्तीचे नाव आहे.

खरी मेख ह्यापुढे आहे. अहवालाच्या आरंभी ‘एटीसीडी’ म्हणजे पूर्वेतिहास, आणि त्याखाली ‘एचटीए’ म्हणजे उच्च रक्तदाब, अशी नोंद आहे. आणि पुढे तपासणीच्या भागात उदराच्या नावापुढे एवढेच लिहिले आहे: ‘आरएएस’. फ्रेंच डॉक्टरास त्यातून म्हणावयाचे असते की, नोंद घेण्याजोगे काही नाही. इंग्रजी वैद्यकात मात्र ही अक्षरे मूत्रपिंडाच्या रोहिणीचे आकुंचन दर्शवितात. हे आकुंचन उच्च रक्तदाबाच्या ज्ञात कारणांपैकी एक असल्यामुळे चुकीचा अर्थ शेजारच्या नोंदीशी इतका सुरेख जुळतो की, वाचणाऱ्यास शंकाही येऊ नये! निकोप उदराच्या गृहस्थास एक जुनाट विकार चिकटतो. विमा कंपनीस पूर्वीचा आजार लपविल्याचा संशय घेण्यास जागा मिळते. आणि दोन्ही बाजूंच्या अशा आकुंचनात रक्तदाबाची काही नेहमीची औषधे टाळावी लागत असल्याने घरचा डॉक्टरही विनाकारण हात आखडता घेतो. शेजारच्या शब्दावर विसंबण्याची मोडीवाचकाची युक्ती येथे तोकडी पडते. केवळ शेजार पाहून भागत नाही, ओळीचे स्थान पाहावे लागते: ‘आरएएस’ पूर्वेतिहासात नाही, निदानात नाही, तर तपासणीच्या प्रत्येक अवयवापुढे, हृदयापुढे आणि फुप्फुसांपुढेही, तसेच लिहिलेले आहे. मूत्रपिंडाची रोहिणी फुप्फुसात कोठून असणार?

आपल्याकडील ‘ओडी’ची गोष्टही अशीच. धुळे-जळगावच्या औषधाच्या चिठ्ठीवर ती दिवसातून एकदा घ्यावयाची मात्रा. नेत्रविभागात, आणि फ्रेंच कागदावरही, उजवा डोळा. फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञाच्या लेखी हृदयाची उजवी कर्णिका. अमेरिकेतील जॉइंट कमिशन ह्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने 2004 पासून काही संक्षेप वापरूच नयेत अशी यादी लागू केली आहे, आणि तीत इन्सुलिनच्या युनिटबद्दल लिहिले जाणारे ‘यू’ हे अक्षर आहे. कारण घाईत काढलेला ‘यू’ वरून मिटला की शून्य होतो, आणि चार युनिटांची चाळीस युनिटे होतात.

जेथे दोन अर्थ संभवतात आणि अहवाल कौल देत नाही, तेथे शहाणा भाषांतरकार अक्षरे मूळचीच ठेवतो, कंसात दोन्ही अर्थ देतो आणि निर्णय डॉक्टरावर सोपवितो; काही गिऱ्हाइकांस हे अपुरे काम वाटते, पण छातीठोक चुकीपेक्षा ते शतपटींनी प्रामाणिक आहे, असे आमचे मत आहे. त्याहून सोपा उपाय अर्थातच कागद जेथे लिहिला जातो तेथेच आहे. भारतीय वैद्यक परिषदेने 2016 साली आपल्या नियमांत दुरुस्ती करून औषधे त्यांच्या मूळ नावांनी, सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या लिपीत लिहावीत, असे फर्माविले. हा दंडक औषधांच्या चिठ्ठीपुरता आहे. शस्त्रक्रियेचा तपशील आणि डिस्चार्ज कार्ड यांवर त्याचा अंमल नाही. तेव्हा तूर्त नातेवाइकाने घरी निघण्यापूर्वी, कार्ड हाती पडताच, निवासी डॉक्टरास गाठून प्रत्येक अक्षरगुच्छाचा पुरता शब्द त्याच्याच हस्ताक्षरात समासात लिहवून घ्यावा. दोन मिनिटांचे काम असते, आणि बहुतेक डॉक्टर ते कुरकुर न करता करतात.