बायबलच्या भाषेतील ‘मुख’ : मुद्रा, रूप आणि अर्थ

प्रस्तावना

शरीराच्या अवयवांवरून घडलेले शब्दप्रयोग समाजाच्या विचारपद्धतीचे द्योतक असतात. हिब्रू बायबलमधील ‘पानीम’ म्हणजे ‘मुख’ हा शब्द या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. तो दोन हजारांहून अधिक वेळा आढळतो. रूपाने तो नेहमी अनेकवचनी असून ‘वळणे’ या अर्थाच्या धातूशी त्याचा संबंध जोडला जातो. म्हणजेच हिब्रू भाषेत मुख हा केवळ अवयव नाही. एक व्यक्ती दुसरीकडे ज्या बाजूने वळते ती बाजू म्हणजे मुख. बायबलमधील मुखविषयक प्रयोगांचा अर्थ आणि त्यांच्या भाषांतरातील अडचणी स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुद्रा आणि मनोभाव

मनातील भाव मुखावर उमटतात, ही धारणा बायबलमध्ये सर्वत्र दिसते. काइनाचे अर्पण स्वीकारले गेले नाही तेव्हा तो संतापला आणि त्याचे मुख ‘पडले’ (उत्पत्ती ४:५). मराठीतील ‘तोंड उतरणे’ हा प्रयोग येथे सहज आठवतो. तथापि काइनाच्या मुद्रेत केवळ खिन्नता नसून पुढे घडणाऱ्या बंधुहत्येची पूर्वसूचना आहे. बंदिवासातील योसेफ सहबंद्यांच्या मुद्रेवरून त्यांची चिंता ओळखतो (उत्पत्ती ४०:७), तर पारसाचा राजा नहेम्याची उदास मुद्रा पाहून त्याच्या अंतःकरणातील दुःखाविषयी विचारतो (नहेम्या २:२). नाकाचा वाचक ‘अफ’ हा शब्द क्रोधासाठीही योजला जातो. क्रोध येणे म्हणजे नाक तापणे आणि सहनशील तो ‘दीर्घ नाकाचा’. ज्यांच्या भाषेत राग नाकाच्या शेंड्यावर असतो, त्या मराठी वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये.

संबंधदर्शक मुख

‘पानीम’पासून बनलेला ‘लिफ्ने’ हा शब्द ‘समोर’ या अर्थी येतो. संस्कृतातून मराठीत आलेल्या ‘सन्मुख’, ‘अभिमुख’, ‘पराङ्मुख’ या शब्दांची घडणही अशीच आहे. कृपा म्हणजे मुख वळवणे व प्रकाशित करणे. अवकृपा म्हणजे मुख लपवणे. गणना ६:२४–२६ मधील याजकीय आशीर्वादात देवाचे मुख प्रकाशित व्हावे, अशी प्रार्थना आहे. जेरुसलेमजवळील केतेफ हिन्नोम येथे १९७९ मध्ये सापडलेल्या चांदीच्या दोन लहान गुंडाळ्यांवर या आशीर्वादाशी जुळणारे शब्द आढळले. त्यांचा काळ सामान्यतः इ. स. पूर्व सातवे ते सहावे शतक असा मानला जातो. यावरून या प्रयोगाची प्राचीनता लक्षात येते.

याकोब व एसाव यांच्या पुनर्भेटीच्या कथेत तर या शब्दावरच कथानक उभे आहे. भावाला भेटी पाठवताना याकोब जो विचार करतो, त्यात ‘पानीम’ची रूपे चार वेळा येतात (उत्पत्ती ३२:२०). त्याच रात्रीच्या झुंजीनंतर तो त्या स्थळाला ‘पनीएल’, म्हणजे ‘देवाचे मुख’, असे नाव देतो. आणि एसाव भेटल्यावर त्याचे मुख पाहणे हे देवाचे मुख पाहण्यासारखे असल्याचे सांगतो (३३:१०). भाषांतरकाराने या स्थळी ‘राग शांत करणे’, ‘पुढे’, ‘भेटणे’, ‘स्वीकारणे’ असे निरनिराळे शब्द योजल्यास वाक्ये सुबोध होतात. परंतु भावाचे मुख व देवाचे मुख यांना जोडणारा धागा तुटतो.

मुख उचलणे आणि न्याय

‘मुख उचलणे’ हा प्रयोग उभयार्थी आहे. नतमस्तक याचकाचे मुख वर करणे म्हणजे त्याची विनंती मान्य करणे, असा त्याचा उगम सर्वसाधारणपणे सांगितला जातो. मात्र न्यायासनावर हेच कृत्य दोष ठरते. न्याय करताना गरिबाचे मुख उचलू नये आणि प्रबळाच्या मुखाचाही आदर करू नये, अशी लेवीय १९:१५ ची आज्ञा आहे. नव्या करारात यावरूनच पक्षपातासाठी ‘मुख स्वीकारणे’ या अर्थाचा ग्रीक सामासिक शब्द आला. ग्रीक ‘प्रोसोपोन’ म्हणजे मुख. नाटकातील मुखवट्यालाही हाच शब्द होता. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या श्रीमंताला मानाची जागा देऊन मळक्या वस्त्रांतील दरिद्र्याला दूर ठेवणाऱ्या सभेची कानउघाडणी आहे (२:१–४). मराठीतील ‘तोंड पाहून वागणे’ हा प्रयोग या आशयाच्या अगदी निकट जातो.

रूप आणि अंतःकरण

बाह्य रूपाबाबत बायबलची भूमिका एकेरी नाही. राहेल आणि योसेफ या मातापुत्रांचे सौंदर्य एकाच शब्दांत वर्णिले आहे. शौल उंच व देखणा होता. तरी तो राजा म्हणून अपयशी ठरला. पुढे अलियाबाचे रूप व उंची पाहून शमुवेल प्रभावित होतो, तेव्हा मनुष्य डोळ्यांना दिसते तेवढेच पाहतो, देव अंतःकरण पाहतो, असे त्याला सांगितले जाते (१ शमुवेल १६:७). परंतु लगेच निवडल्या जाणाऱ्या दावीदाचेही सुंदर डोळे ग्रंथ आवर्जून नोंदवतो. रूप त्याज्य नाही. ते निर्णयाचा निकष होऊ नये, एवढाच याचा अर्थ.

भाषांतराचा परिणाम

सीनाय पर्वतावरून उतरणाऱ्या मोशेच्या मुखाचे वर्णन करणारे ‘कारन’ हे क्रियापद (निर्गम ३४:२९) ‘केरेन’ म्हणजे ‘शिंग’ या शब्दाशी संबंधित आहे. प्राचीन ग्रीक भाषांतराने तेथे मुख ‘गौरवयुक्त’ झाल्याचा अर्थ घेतला. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात मात्र ते ‘शिंगयुक्त’ झाले. परिणामी पाश्चात्त्य कलेत शिंगे असलेला मोशे रूढ झाला. रोममधील मायकेलँजेलोचा प्रसिद्ध पुतळा त्याचेच उदाहरण होय. एका क्रियापदाच्या अर्थनिवडीने एका व्यक्तीचे मुखच शतकानुशतके बदलून गेले.

समारोप

बायबलमधील मुख हे भाव, संबंध, न्याय आणि रूप या चारही अर्थक्षेत्रांना व्यापते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मूळ ग्रंथांवरून केलेले मराठी बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ भाषांकडे वळण्याच्या त्या प्रयत्नाचे महत्त्व अशा शब्दांच्या अभ्यासातून कळते. मुखविषयक प्रयोगांचा केवळ भावार्थ देणे नेहमीच पुरेसे नसते. जेथे मराठीत समांतर प्रयोग उपलब्ध आहे, तेथे ‘मुख’ मुखच राहू देणे अधिक अर्थवाही ठरते.