अश्रू, आक्षेप आणि आजी-आजोबांची गोष्ट

इटालियन स्थलांतरितांच्या प्रेमकथेने वाचकांत दोन तट का पाडले?

कादंबरी वाचून संपली, की वाचक सहसा कथेविषयी बोलतो. पात्रे पटली की नाही, शेवट आवडला की नाही, एवढ्यावर चर्चा आटोपते. अमेरिकी लेखिका अ‍ॅड्रियाना ट्रिजियानी यांच्या 'द शूमेकर्स वाईफ' या कादंबरीबाबत मात्र वेगळे घडले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आणि खपाच्या याद्यांत झळकलेल्या या पुस्तकावर बोलताना अनेक वाचक दोन वाक्यांतच कादंबरी बाजूला ठेवतात आणि स्वतःच्या आजीविषयी बोलू लागतात. ती कोणत्या गावाहून आली, बोटीतून उतरताना तिच्याजवळ काय होते, कोणते पदार्थ करायची, कोणता प्रश्न विचारला की गप्प व्हायची. त्याच वेळी दुसरा एक वाचकवर्ग याच कादंबरीला गोडगोड, लांबलेली आणि योगायोगांवर तोललेली म्हणतो. एकाच पुस्तकाला मिळालेल्या या दोन टोकांच्या प्रतिसादांचा उलगडा करायचा, तर कथेबरोबर तिच्यामागचा इतिहासही पाहावा लागतो.

कथा काय आहे?

विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर इटलीतील बर्गामोजवळच्या आल्प्स पर्वतात कथा सुरू होते. अमेरिकेतील खाणीत कामाला गेलेला बाप परतत नाही, तेव्हा हतबल आई चीरो आणि एदुआर्दो या दोन मुलांना जोगिणींच्या मठात ठेवून निघून जाते. शेजारच्या गावातील एन्झा ही कष्टाळू कुटुंबातील थोरली मुलगी. तिच्या धाकट्या बहिणीचा मृत्यू होतो, तिची कबर खणायला चीरो येतो आणि तिथे दोघांची पहिली भेट होते. पुढे एका धर्मगुरूचे गैरवर्तन चीरोच्या नजरेस पडते आणि शिक्षा मात्र त्यालाच होते. त्याला देश सोडावा लागतो. न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीटवर तो जोडे शिवण्याची कला शिकतो. घर बांधण्यापुरते पैसे मिळवावेत म्हणून एन्झाही अमेरिकेत येते. आधी कारखान्यात आणि मग मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या शिवणकक्षात ती काम करते. थोर गायक एन्रिको कारुसो यांचे पोशाख तिच्या हातून शिवले जातात. पहिले महायुद्ध, दीर्घ ताटातूट आणि अखेर मिनेसोटातील चिझम या खाणगावातील संसार, असा कथेचा पल्ला आहे.

ही कथा लेखिकेच्या आजी-आजोबांच्या जीवनावर बेतलेली आहे. आजोबा जोडे शिवणारे, आजी शिवणकाम जाणणारी. वाचकांच्या प्रतिसादाचा पहिला धागा इथेच सापडतो.

कादंबरी की कुटुंबाची वही?

१८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत दाखल झाले. त्यांतील बहुसंख्य शेतमजूर किंवा अंगमेहनतीची कामे करणारे होते आणि पुष्कळांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यामुळे त्यांच्या रोजनिश्या आणि आत्मचरित्रे फारशी उरली नाहीत. पुढच्या पिढीने शाळेत इंग्रजी उचलले आणि घरातील बोली मागे पडली. तिसऱ्या पिढीला कुतूहल वाटू लागले, तेव्हा सांगणारी माणसे निघून गेली होती. हातात उरला एखादा फोटो, जहाजाच्या प्रवासीयादीतील एक ओळ आणि जेवणाच्या टेबलावर ऐकलेले तुटक किस्से.

ही रिकामी जागा अशी कादंबरी भरून काढते. कापडाचा पोत, चामड्याचा वास, सणाचे जेवण, यांची जी तपशीलवार वर्णने एका वाचकाला पाल्हाळ वाटतात, तीच दुसऱ्याला आजीच्या स्वयंपाकघरात नेऊन सोडतात. त्याच्या लेखी ती कथेतील अडथळा नसून कथेचे प्रयोजनच असतात.

योगायोगांचा प्रश्न

सर्वाधिक वाद होतो तो चीरो आणि एन्झा यांच्या भेटींवरून. एवढ्या अफाट शहरात दोघे पुन्हा पुन्हा एकमेकांसमोर कसे येतात? एन्झाचे लग्न दुसऱ्याशी व्हायच्या दिवशीच चीरो येऊन उभा राहतो, हे कितपत पटावे? ऐन वेळी शब्द मोडून एन्झा त्याच्याबरोबर जाते, यावर तर वाचक हमरीतुमरीवर येतात. काहींना तो खऱ्या प्रेमाचा विजय वाटतो; काहींना वर्षानुवर्षे तिला तिष्ठत ठेवणाऱ्या पुरुषाला मिळालेली अनाठायी माफी वाटते.

यातील एक भाग साहित्यप्रकाराचा आहे. ऐतिहासिक प्रेमकथा वाचकाला आरंभीच एक आश्वासन देते: ही दोघे भेटतील. कसे भेटतील, एवढीच उत्सुकता उरते. ते आश्वासन मान्य असलेल्याला योगायोग खटकत नाही. इतिहासाच्या ओढीने पुस्तक उघडणाऱ्याला मात्र तो पदोपदी टोचतो.

दुसरा भाग इतिहासाचा आहे आणि तो आक्षेपाची धार थोडी बोथट करतो. स्थलांतरितांचे न्यूयॉर्क नकाशावर मोठे असले, तरी वावरायला लहान होते. माणसे गावकऱ्यांच्या, नातलगांच्या आधाराने राहत. मलबेरी स्ट्रीटवर मुख्यतः नेपल्सकडचे, तर जवळच्याच एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीचे लोक, अशी वस्ती गल्लीगणिक विभागलेली होती. चर्च, बाजार, दवाखाना ठरलेले होते. अशा जगात ओळखीचा माणूस भेटणे हा चमत्कार नव्हता.

काय गाळले गेले?

अधिक गंभीर आक्षेप आहे तो इतिहास गुळगुळीत केल्याचा. अमेरिकेत आलेल्या इटालियनांपैकी बहुसंख्य दक्षिणेतील होते. उत्तरेकडील लोक फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि दक्षिण अमेरिकेकडे अधिक वळत. आल्प्समधील नायक-नायिकेची ही कथा म्हणूनच सर्व इटालियनांची प्रातिनिधिक कथा ठरत नाही. दक्षिणेतील लोकांना वर्णावरून, भाषेवरून जो तिरस्कार सहन करावा लागला, तो इथे फारसा जाणवत नाही. १८९१ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने तुरुंगात घुसून ११ इटालियनांची हत्या केली होती. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला लागलेल्या आगीत १४६ कामगार दगावले. त्यांत ज्यू आणि इटालियन तरुण मुलींचा भरणा होता आणि बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. एन्झासारख्या शिवणकाम करणाऱ्या मुलींचे जग हेच होते. ऑपेराच्या झगमगाटात पोहोचलेली एन्झा हा त्या जगातील अपवाद आहे.

आणखी एक गोष्ट प्रेमकथेत सहज झाकली जाते. आलेल्यांपैकी फार मोठ्या संख्येने इटालियन काही वर्षे कमाई करून मायदेशी परतले. कायमचे राहण्याचा बेत अनेकांच्या मनात नव्हताच. एन्झाचाही नव्हता. पण समुद्रप्रवासात ती मरणाच्या दारी पोहोचते आणि पुन्हा समुद्र ओलांडणे तिला अशक्य होते. आईला ती पुन्हा भेटू शकत नाही. वाचकांचे डोळे सर्वाधिक पाणावतात ते इथे, आणि ते योग्यच आहे. या जागी कादंबरी इतिहासाच्या सर्वांत जवळ जाते. स्थलांतराची किंमत बहुतेकांनी उपासमारीपेक्षा अशा न झालेल्या भेटींतूनच मोजली.

शेवटाबाबतही असेच म्हणता येईल. युद्धात विषारी वायूच्या संपर्कात आलेल्या चीरोला काही वर्षांनी दुर्धर आजार गाठतो. 'एवढे सोसल्यावर हेही?' असा वाचकाचा रोष समजण्यासारखा आहे. परंतु १९१७ पासून रणांगणावर वापरला गेलेला मस्टर्ड वायू युद्ध संपल्यावरही शरीरात आपले काम करीत राहिला, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. लेखिकेने इथे सुखान्ताच्या संकेतापेक्षा वास्तवाला मान दिला. गोडपणाचा आरोप करणाऱ्यांनी ही बाजूही जमेस धरायला हवी.

गोव्याच्या वाचकाला ओळखीचे

गोव्यातील वाचकाला या कथेतील बरेच काही परके वाटणार नाही. नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या गोवेकरांनी गावागावांच्या नावाने 'कूड' उभे केले. एकाच गावचे लोक एका छपराखाली राहिले, तिथूनच जहाजावर चढले. तारवट्यांच्या पत्रांची वाट पाहणारी घरे गोव्यात कमी नव्हती. पूर्व आफ्रिका, आखात, पोर्तुगाल असा हा प्रवास पुढे चालूच राहिला. बंद घरे आणि कपाटातील जुनी पत्रे हा गोव्याचाही वारसा आहे.

म्हणूनच या कादंबरीला मिळालेल्या प्रतिसादांतून एक व्यवहारी बोध घेता येतो. कादंबरीत तारीख चुकली, योगायोग जास्त झाले, तर इतिहासाची पुस्तके ती उणीव भरून काढतील. आजीने देश का सोडला, ती परत का गेली नाही, हे मात्र कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. पुस्तक मिटून आजीच्या आठवणीत हरवलेल्या त्या वाचकांपैकी अनेकांची खंत एकच आहे: विचारायला हवे होते तेव्हा विचारले नाही. ज्यांच्या घरात सांगणारे माणूस अजून आहे, त्यांच्या हातातून ती वेळ अद्याप गेलेली नाही.